तीनशे ग्रॅमचं जाकीट

गुरुवार संध्याकाळ, रिग्गई

साडू मिलिंदरावांबरोबर जाकीट घ्यायला हवल्लीच्या बाजारात गेलो आणि शुक्रवारच्या सुट्टीआधीची संध्याकाळ वाया घालवली. आमचे मुदीरसाहेब, म्हणजे ऑफिसचे अरब मॅनेजर, मिलिंदरावांना पुढच्या महिन्यात परदेशी डोंगरात शिकारीला नेणार आहेत. शिकारीला! पाल दिसली तरी बायकोला हाका मारणारा हा माणूस!

दुकानात त्यांनी खिशातून बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि एकेक जाकीट त्याला लटकवायला लागले. "डोंगरात प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो," म्हणे. मग ते पोट कुठल्या हुकाला लटकवणार? मी एका जाकिटाच्या बाह्या एकमेकींवर घासून दाखवल्या. चर्रचर्र वाजल्या. म्हटलं, हे ऐकून जनावर आधीच पळेल. तर पुन्हा काटा माझ्या नाकासमोर. "पण तीनशे ग्रॅम बघा ना!"

आत बदकाची पिसं आहेत कळल्यावर तर कहर. अंडंही न खाणारा हा शिकारी सेल्समनला विचारतो, "बदक को मारा तो नहीं ना?" तोंड कुठे लपवू असं झालं.

मग माप बघायला म्हणून तेच जाकीट मला घालायला लावलं. आरशात बरा दिसलो. जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन, कारण काटा खिशात ठेवत ते हळूच म्हणाले, "सुधीरराव, साहेबांकडे तुमचंही नाव सुचवू का?"

सोळा वर्षं मी साहेबांच्या शेजारच्या खोलीत बसतोय. आणि माझं नाव यांनी सुचवायचं!

नाही म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही.