मातीत पुरलेले बनियन

३ फेब्रुवारी
मातीच्या तासाला मॅडम आल्या त्या हातात तीन कोरे पांढरे बनियन घेऊन! वर्गात खसखस. मॅडम ढिम्म. म्हणाल्या, "हे पुरायचे. दोन महिन्यांनी उकरायचे. माती जिवंत असेल तर खाईल. नसेल तर धुऊन घाला!"

सुती कापड म्हणजे मातीतल्या जिवांना मेजवानीच म्हणे. यंत्र नको, रसायन नको. इतकं सोपं? पटेना. आणि एखादी गोष्ट पटली नाही की माझ्या डोक्यात भुंगा सुरू. तास संपल्यावर मॅडमना गाठलं — प्रकल्प म्हणून हाच घेते. त्यांनी तिन्ही बनियन माझ्या हातात कोंबले.

४ फेब्रुवारी
रूममेट म्हणते, "लोक अंतराळात निघालेत, तू बनियन पूर."

८ फेब्रुवारी
दोन पुरले. एक कृषी विद्यापीठाच्या सेंद्रिय वाफ्यात, जिथे कित्येक वर्षांत नांगर लागलेला नाही. दुसरा नेहमीच्या नांगरटीच्या पट्ट्यात. तिसरा आमच्या शेतात पुरायचा. पण दादा हो म्हणेल?

१२ फेब्रुवारी
घरी आले. बाबा गेल्यापासून शेत दादाच बघतो. कॉलेज अर्धवट सोडून उभा राहिला तो आजतागायत. त्याला बनियन दाखवला. आधी हसला, मग हसू मावळलं.

"माझ्या जमिनीची परीक्षा घेणार तू?"

"परीक्षा कसली रे, नुसतं बघायचंय."

"काय बघायचंय? पीक येतंय ना?"

आई मध्ये पडली — "पुरू दे की रे. बनियनच पुरतेय, तुला नाही!"

शेवटी विहिरीजवळची जागा मिळाली. खड्डा मात्र त्यानेच खणला. मला म्हणे कुदळ धरता येत नाही!

खड्ड्यातली माती चिवडून बघितली. गांडूळ औषधालाही नाही. बनियन ठेवला, खड्डा बुजवला.

२ मार्च
सेंद्रिय वाफ्यातली चिमूटभर माती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काहीतरी वळवळलं, शेजारच्याला गिळलं आणि पुढे चाललं. एवढ्याशा मातीत केवढी हाणामारी! बघता बघता मेस बंद झाली. दुपारभर उपाशी. पण काय मजा!

१० एप्रिल
उकरले!! सेंद्रिय वाफ्यातला — शिलाईचा धागा तेवढा शिल्लक, बाकी फस्त. नांगरटीच्या पट्ट्यातला म्हणजे चाळणी. मी वाफ्यातच नाचले. मॅडमही उकिडव्या बसून धागा बोटावर घेऊन बघत राहिल्या. इतकी वर्षं शिकवतात, तरी!

१६ एप्रिल
घरचा उकरला. मळलेला, पण अख्खा.

आईने तो झटकला आणि सहज म्हणाली, "हा तर धुऊन घालता येईल गं." मॅडमचे शब्द तिला कुठून ठाऊक असणार!

दादाने तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. भोक शोधत होता. एखादं तरी.

"माती मेली म्हणायची?"

"मेली नाही रे. उपाशी आहे." मग माझी गाडी सुटली. पोत्यातलं खत पिकाच्या तोंडी जातं, मातीतल्या जिवांना काय? दोन पिकांमध्ये जमीन उघडी टाकू नकोस, घेवडा पेर, कापून तिथेच पसर, नांगर कमी कर —

"अख्खा तासच घेतलास की," दादा म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

चिडायला हवा होता. चिडला नाही. उलट माझ्याकडे असा बघत होता, जणू पहिल्यांदाच बघतोय. का?

२३ एप्रिल
आईचा फोन. दादाने विहिरीकडचा तुकडा मोकळा ठेवलाय. "तिला म्हणावं, काय पेरायचं ते पेर." दगडाला पाझर फुटला! का फुटला ते आईलाही माहीत नाही. "तूच विचार त्याला," म्हणाली. आज मात्र घेवड्याचं बी शोधायच्या नादात राहूनच गेलं.

६ मे
माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं! परीक्षा झाली की रुजू. घरी लगेच कळवलं. शहरातली नोकरी, मोठाले सूक्ष्मदर्शक, गावोगावची माती टेबलावर. मॅडमनी विचारलं, "आणि घरचं शेत?" म्हटलं, ते दादा करेल, मी सल्ले देईन. फुकटचे! दोघीही हसलो.

९ मे
दादाचा फोन. पंपांच्या कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटर म्हणून लागलाय. पुढच्या महिन्यापासून.

"आणि शेत?"

"मला शेती कधी आवडलीच नाही गं. कोणीतरी करायला हवी होती, म्हणून केली. त्या दिवशी तू बोलत सुटलीस तेव्हा वाटलं, हिला ही जमीन हवीय." मग घाईघाईने, "नको असेल तर तसं सांग. नोकरी सोडच असं नाही म्हणत मी. खंडाने कसायला देऊ कुणाला तरी."

 

"मला ट्रॅक्टर चालवता येत नाही," एवढंच तोंडातून निघालं.

"रविवारी ये. शिकवतो."