लोणी, गोळी आणि दादाचं दुकान

४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनशे बारा! एवढा मोठा आकडा आपल्या रक्तातला असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यातलं वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठावीस. डॉक्टरबाईंनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "करता काय तुम्ही?" म्हटलं, बेकरी. त्यांनी पेनच खाली ठेवलं.

मग चौकशी. वडील? गेले, चोपन्नाव्या वर्षी. भट्टीसमोर उभे असतानाच, हार्टने. मी बावन्न. वजाबाकी मीच मनातल्या मनात केली. "हे घराण्यातून येतं. भावंडं?" एक भाऊ, पाच वर्षांनी मोठा. "त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. लांबवू नका."

हो सांगतो, म्हटलं.

दादाशी नऊ वर्षं बोललेलो नाही हे त्यांना काय सांगणार? आणि भांडण कशावरून, तर लोण्यावरून! बाबांच्या बिस्किटांत लोण्याऐवजी तेल घालून बघू म्हणाला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, बाबांची चव मोडीत काढायला निघालास तू. त्याने ॲप्रन काढून खुंटीला लावलं आणि जो गेला तो गेला. पुढे स्वतःची बेकरी टाकली. आणि आता लोणी मलाच बंद. हसावं की रडावं कळेना.

५ फेब्रुवारी, शनिवार

गोळी सुरू. रात्री जेवणानंतर एक. बायकोने पाकीट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलंय. "वरून मीठ घ्यायला हात जाईलच तुमचा, तेव्हा दिसेल." पुरती ओळखून आहे.

७ फेब्रुवारी, सोमवार

नाश्त्याला ओट्स. लहानपणी पतंग चिकटवायला आई अशीच खळ करून द्यायची. संपवले. बायको समोर बसून होती, पळता आलं नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज चाळीस मिनिटं चालायचं असं ठरलंय. भट्टी पहाटे लागते, दहा वाजता जरा उसंत मिळते, तेव्हा निघतो. आज पहिल्यांदा घड्याळ लावून गेलो. पाय कुठे नेतायत इकडे लक्ष नव्हतं. अठरा मिनिटांनी बघतो तर समोर दादाचं दुकान! काचेमागे तो ट्रे लावत होता. केस पार पांढरे झालेत. बाबा असेच वाकायचे.

मी समोरच्या औषधाच्या दुकानाशी उभा राहिलो. वाक्य तयार होतं — दादा, डॉक्टरांनी तुला तपासायला सांगितलंय. रस्ता ओलांडायला फार तर दहा पावलं.

परत फिरलो. येताना पंधरा मिनिटांतच पोहोचलो.

१६ फेब्रुवारी, बुधवार

रोज तिथवर जातो. रोज वाक्य बदलतो. आजचं होतं, "डॉक्टरांचा निरोप आहे." हे म्हणजे मी टपाल घेऊन आलोय असं वाटतं. उद्या दुसरं.

१ मार्च, मंगळवार

पट्ट्याचं एक भोक आत गेलं! मैद्याचं पोतं माळ्यावर नेताना मधल्या पायरीवर थांबायची सवय होती, ती आज विसरलोच. वर पोहोचल्यावर लक्षात आलं. खाली येऊन परत वर गेलो, खात्री करायला. बायको म्हणाली, "पोतं एकच आहे ना? मग दोनदा का चढलात?"

आयुष्यात प्रथमच आपलं शरीर आपल्याला आवडतंय.

९ मार्च, बुधवार

जवाचा ब्रेड करून बघितला. पहिला विटेसारखा झाला. दुसरा बरा. तिसरा शाळेतल्या बाईंना चाखायला दिला, त्या अख्खाच घेऊन गेल्या.

१९ मार्च, शनिवार

सहा आठवड्यांनी दुसरी तपासणी. उपाशीपोटी रक्त दिलं, संध्याकाळी ऐटीत दवाखान्यात गेलो. बायको बरोबर होती. मला वाटलं शाबासकी मिळणार.

वाईट कोलेस्टेरॉल एकशे ब्याण्णव. बाईंच्या मते गोळीनेच याहून जास्त उतरायला हवं होतं. "गोळी चुकते?" नाही. "लोणी? बिस्किटं?" छातीवर हात ठेवून सांगितलं — सहा आठवड्यांत एक बिस्किट खाल्लं नाही. शेजारी बायकोला ठसकाच लागला.

बाईंनी गोळी एक पायरी वाढवली. भावाचं विचारलं. भेट झाली नाही, म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

२० मार्च, रविवार

बायकोने आज भट्टीशेजारी काचेची रिकामी बरणी आणून ठेवली. "दर वेळी तोंडात टाकाल तेवढाच तुकडा यातही टाका. बाकी मी काही म्हणत नाही."

मी म्हटलं, अगं, ते खाणं नाही, ती चव बघणं आहे. दर घाण्याचं बिस्किट मोडून बघायचं, बाबांपासूनची पद्धत. एक गोड झालं का, एक भाजलं का, एक खुसखुशीत आहे का. त्यात खाल्लं कुठे?

दुपारपर्यंत बरणी गळ्याशी आली. ओतून मोजली. सव्वीस बिस्किटं! बत्तीस वर्षं मी रोज हे पोटात टाकत होतो आणि माझ्या हिशेबी उपाशी होतो. आम्ही दोघं जमिनीवर बसून हसलो, तिच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "सासरेबुवाही असंच चाखायचे ना हो?"

हो. बाबाही. आणि तिकडे दादाही तेच करत असणार.

२९ मार्च, मंगळवार

न चाखता बिस्किट ओळखता येतं! रंग तर दिसतोच. वास सांगतो लोणी किती. आणि मोडायचं कानाशी धरून — कच्चं असेल तर आवाज मऊ येतो, बरोबर असेल तर कट्टकन वाजतं. आज बारा घाणे कानाने पास केले. बायकोने प्रत्येकातलं चिमूटभर खाऊन ताळा घेतला, बाराही बरोबर. एका गिऱ्हाइकाने विचारलं, शेठ बिस्किटाशी फोनवर बोलतायत का.

सबंध दिवस शीळ घालत होतो.

१० एप्रिल, रविवार

आज रस्ता ओलांडला.

दादाने वर बघितलं. नऊ वर्षांनी. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "काय देऊ?" गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच. आणि माझ्या तोंडून निघालं, "एक ब्रेड."

त्याने ब्रेड कागदात बांधून दिला. मी थँक यू म्हणालो. सख्ख्या भावाला! वाटेत मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तेरा मिनिटांत घरी.

१४ एप्रिल, गुरुवार

चार दिवसांत चार ब्रेड. बायकोने ते ओट्यावर ओळीने मांडले. "आपण बेकरीवाले आहोत, हे माहीत आहे ना तुम्हाला? शेजारी बघतील तर काय म्हणतील?"

खरं सांगितलं. भीती वाटते. तो म्हणेल, बघ, लोणी लोणी करत होतास. म्हणू दे की, ती म्हणाली, ऐकून घ्या. माणूस जिवंत असला तरच टोमणे मारतो.

ब्रेड चांगला असतो त्याचा. हे इथे लिहायला हरकत नाही.

३० एप्रिल, शनिवार

एकशे चार! दोनशे अठ्ठावीसवरून एकशे चार! बाईंनी हात पुढे करून हात मिळवला. अजून उतरवायचं आहे, गोळी सोडायची नाही, चालणं सोडायचं नाही. कबूल, सगळं कबूल. दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, "भावाचं काय झालं?"

बारा आठवडे झाले. त्यांनी सांगितलं होतं, लांबवू नका.

तसाच दादाकडे गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी थांबलो नाही. पहिला आणि आजचा, दोन्ही रिपोर्ट काउंटरवर ठेवले. म्हटलं, दादा, बाबांचं होतं ते माझ्यात निघालंय. तुझ्यातही असेल. तू तपासून घे, मग हवं तेवढं बोल मला.

तो सावकाश वाचत राहिला. दोनशे अठ्ठावीसवर बोट ठेवून थांबला. "गोळी कुठली देतात?" सांगितलं. "किती पॉवरची?" तेही सांगितलं. कागद घडी करून त्याने माझ्या खिशात परत ठेवले, खिशावर हात तसाच राहिला थोडा वेळ. म्हणाला, "बरा दिसतोयस. भट्टी लागलीय आता. उद्या घरी येतो."

उद्या येतो! बायकोने ऐकलं आणि उभ्या उभ्या माझा हात घट्ट धरला.

१ मे, रविवार

दादा आला. मागच्या दाराने, पूर्वी यायचा तसा. त्याच्याही हातात एक रिपोर्ट होता, घड्यांवर फाटलेला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे एकेचाळीस. मग तारीख बघितली — नऊ वर्षांपूर्वीची, आम्ही भांडलो त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हटलं, तेव्हाच का नाही बोललास?

"बोलायलाच आलो होतो," दादा म्हणाला. "तेलापासून सुरुवात केली."