गेल्या वर्षीची भरती

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
रिटायर होऊन अकरा महिने झाले. आजपासून निसर्गनिरीक्षण. रोज साडेपाचला उठायचं, बागेत खुर्ची टाकून तासभर स्तब्ध बसायचं, दुपारी समुद्र. आज पहिलाच दिवस म्हणून आठला उठलो. थंडी अजून आहे, प्राणीही उशिराच उठत असणार.

उद्देश लिहून ठेवतो. निसर्ग मंडळाच्या हॉलमध्ये एक जाड वही असते. हंगामातला पहिला बेडूक, पहिलं फुलपाखरू, पहिली पाकोळी ज्याला दिसेल त्याने तारीख, वेळ, जागा आणि नाव लिहायचं. एका प्राण्याला एकच नाव. गेल्या वर्षी बारापैकी सात नोंदी शेजारच्या डेंटिस्टच्या. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बघत असतो, याला पाकोळी दिसते कधी? यंदा निदान पाच नोंदी माझ्या.

१४ फेब्रुवारी, सकाळी ६.४५
बाग जिवंत आहे. तासाभरात चिमण्या नऊ, खारी दोन, लांब शेपटीचा काळा पक्षी एक. सगळे स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीपाशी, माझ्या खुर्चीपासून दहा फुटांवर. माणूस मनाने शांत असला की प्राण्यांना ते कळतं. हिला हे सांगितलं. ही म्हणाली, की बरं झालं, पण खुर्ची जरा बाजूला घ्या, मला पायरी उतरायला जागा हवी. हिचा डावा गुडघा डिसेंबरात बदलला. काठी धरून उतरते. इतक्या सकाळी त्या पायरीवर हिचं काय काम असतं, कोण जाणे.

१७ फेब्रुवारी
गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, की रोज अर्धा तास सपाट वाळूवर चाला, सोबत कोणीतरी हवंच. मार्चअखेरपर्यंत हयगय केली तर गुडघा कायमचा आखडेल. मी म्हटलं, काळजीच नको, मी रोज समुद्रावर जाणारच आहे. हिला असिस्टंट नेमलं. वही आणि पेन्सिल दिली. ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी
पहिली संयुक्त फेरी. ही फार हळू चालते आणि मध्येच थांबते. दोन बगळे उडाले. मी म्हटलं, तुझ्या काठीमुळे. ही म्हणाली, की कुत्र्यामुळे. कुत्रा मला दिसला नव्हता.

घरी शिरताना ही म्हणाली, की कुंपणावर पिवळं फुलपाखरू आहे, यंदाचं पहिलंच. मी म्हटलं, वाळकं पान असेल, इतक्या लवकर फुलपाखरू नसतं. चष्मा आत होता, म्हणून गेलो नाही.

२१ फेब्रुवारी
मंडळाच्या वहीत नोंद: पहिलं पिवळं फुलपाखरू, २० फेब्रुवारी, डेंटिस्ट. हिला सांगितलं. ही कुंपणाकडे एकदा बघून भाजी चिरायला लागली. बोलली असती तर परवडलं असतं.

२४ फेब्रुवारी
भरती-ओहोटीच्या वेळांची नवी पुस्तिका दुकानात आली. संकलन: बंदर कार्यालयात माझ्या खुर्चीवर बसलेला तो नवा. निळं कव्हर बदलून हिरवं केलंय. पहिल्याच पानावर टाइपची चूक. जागच्या जागी परत ठेवली.

घरात गेल्या वर्षीची आहे, संकलन माझं. ही म्हणाली, की वेळा दर वर्षी बदलतात असं तुम्हीच तीस वर्षं सांगत होतात. मी म्हटलं, जो काही फरक पडतो तो मी मनातल्या मनात काढतो. रिटायर मी झालोय, चंद्र नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००
आजची नोंद शांतपणे करायला हवी.

माझ्या हिशेबाने पूर्ण ओहोटी ४.२० ला. पावणेचारला वाळूवरून चालत सपाट खडकापर्यंत गेलो. ही दमली होती. तिला खडकावर बसवलं आणि म्हटलं, दहा मिनिटांत येतो. मग लांब टोकाला काळी, चकचकीत, गोल पाठ दिसली. पाणमांजर. या किनाऱ्यावर आजवर कोणी पाहिलेलं नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, वाकून, श्वास रोखून पुढे सरकलो. चाळीस मिनिटं. अत्यंत संयमी प्राणी, एकदाही हलला नाही. अगदी जवळ गेल्यावर कळलं, की ट्रकचं टायर आहे.

परत फिरलो तर खडक नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली. ही लांब किनाऱ्यावर उभी, पूर्ण भिजलेली, हातात काठी नाही. मधल्या पाण्यात एकदा पडली म्हणे. हाकाही मारल्या म्हणे, पण वारा माझ्याकडून तिच्याकडे होता. शास्त्रीय पद्धतच तशी आहे. पाणी फार नव्हतं, गुडघ्याच्या जरा वर. दुर्दैवाने त्यातला एक गुडघा नवा.

वेळेच्या हिशेबात किंचित फरक पडला असावा.

वही तिने कशी कोण जाणे, कोरडी आणली. आत एकच नोंद आहे: 'पाणी वाढतंय. ४.०५.'

२८ फेब्रुवारी
गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, की नशीब, सांधा जागेवर आहे. आठवडाभर पूर्ण आराम, मग पुन्हा चालणं. मग विचारलं, की सोबत कोण होतं? मी म्हटलं, मीच. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनाही पाणमांजराची उत्सुकता असावी.

२ मार्च
मेहुणी, म्हणजे हिची ताई, गाडी घेऊन आली आणि हिला घेऊन गेली. हवापालट, चार-पाच दिवस. माझ्याशी मेहुणी फक्त फाटक उघडा एवढंच बोलली. लांबच्या ड्रायव्हिंगने माणूस थकतो. ही जाताना म्हणाली, की फ्रीजवरचं कॅलेंडर बघत जा. मी म्हटलं, तारखा मला पाठ असतात.

चार-पाच दिवसांसाठी हिने दोन्ही बॅगा आणि उन्हाळी चपला का नेल्या, समजलं नाही.

३ मार्च, सकाळी ७.१०
आता पूर्ण वेळ निरीक्षण. घरात शांतता असल्यामुळे पक्षी वाढतील असा अंदाज. चिमण्या चार.

४ मार्च
चिमणी एक. पायरीवर बसली, इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं, गेली. खारी नाहीत.

६ मार्च
शून्य. कारण उघड आहे: डेंटिस्टचं मांजर. त्यांना सभ्य भाषेत चिठ्ठी लिहिली, की मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी. संध्याकाळी ते स्वतः आले. म्हणाले, की मांजर नोव्हेंबरात गेलं. मग विचारलं, की वहिनी कशा आहेत, दिसल्या नाहीत इतक्यात. मी म्हटलं, हवापालट. ते गेल्यावर वाटलं, की दुसऱ्या कोणाचं तरी मांजर असणार.

८ मार्च
लपून बसण्यासाठी दोन काठ्यांवर हिरवी चादर टाकून तंबू केला. आत झोप छान लागली. शून्य. चादर हिची आवडती निघाली, मातीचा डाग जात नाही.

फोन केला. मेहुणीने घेतला. म्हणाली, की ती व्यायाम करतेय, करेल नंतर. रात्री जेवणापर्यंत फोन आला नाही. त्यांच्याकडे नेटवर्कची बोंब असते.

१० मार्च
यश. काल संध्याकाळी मागच्या तारेवर पाकोळी: काळी, दुभंगलेली शेपटी, वाऱ्यावर झुलणारी. आज सकाळी मंडळात जाऊन वहीत नोंद केली, ठसठशीत अक्षरात. चिटणीसबाईंनी विचारलं, की नक्की ना? मी म्हटलं, तीस वर्षं मी वेळापत्रकं छापलीत, माझी नोंद चुकत नाही.

दुपारी डेंटिस्ट मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, की तुमच्या तारेवर काळी पिशवी अडकलीय, आजही तिथेच आहे, काढायला शिडी हवी तर देतो. शिडी घेतली. पिशवीचे दोन्ही बंद लोंबत होते. परत जाऊन वहीतली नोंद माझ्याच हाताने खोडली. चिटणीसबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. बरी बाई आहे.

१२ मार्च, सकाळी ९.००
आज बागेत गेलो नाही. घर खायला उठतं. एकट्यासाठी चहा करायचा तर पातेलं मोठं वाटतं. हे कुठेतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं.

दूध काढताना फ्रीजवरच्या कॅलेंडरशी समोरासमोर गाठ पडली. हिचं बारीक अक्षर. १९ फेब्रुवारीच्या चौकोनात: 'पिवळं फुलपाखरू, कुंपण.' २२ ला: 'बेडूक, नळापाशी.' २५ ला: 'भुंगा, एक.' मंडळाच्या वहीत बेडूक डेंटिस्टच्या नावावर आहे, १ मार्चचा. भुंगा अजून कोणाच्याच नावावर नाही. प्रत्येक दिवसाच्या खाली एक छोटी बरोबरची खूण. २ मार्चनंतर खुणा नाहीत, पुढच्या सगळ्या कोऱ्या चौकोनांवरून एकच ओळ गेलीय: 'रोज सहाला पायरीवरच्या ताटलीत ताजं पाणी आणि पावाचा चुरा. विसरू नका.'

पायरीवर गेलो. ताटली होती. नेहमी असते. कोरडी ठणठणीत, आणि तिच्यात माझ्या पेन्सिलची सालं. ती मीच टाकली होती. स्तब्ध बसलो असताना.

१३ मार्च, दुपारी
फोन हिने स्वतः घेतला. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद सापडेना. हिने विचारलं, की ताटलीत पाणी आहे का? मी म्हटलं, आजपासून आहे.

मग ही म्हणाली, की आज सकाळी ताईच्या गच्चीवर पाकोळी दिसली. मी म्हटलं, मंडळाच्या वहीत तुझ्या नावाने लिहितो. म्हणाली, की नको, ती वही तुमची आवड आहे, मला नुसतं बघायला आवडतं.

गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. ताईकडे चालायला फक्त जिने आणि फरशी. महिनाअखेर जवळ आली. मी म्हटलं, घरी ये. ही म्हणाली, की दुपारची ओहोटी कुठल्या दिवशी आहे ते बघून सांगा. आणि हिरव्या पुस्तिकेत बघून सांगा.

१४ मार्च
दुकानातली पुस्तिका संपली होती. बंदर कार्यालयात जावं लागलं. नवा उठून उभा राहिला, मला माझीच खुर्ची देऊ केली. बसलो नाही. पुस्तिका दिली. जाता जाता सांगितलं, की पहिल्या पानावर टाइपची चूक आहे. तो अवघडला. म्हणाला, की सर, ते पान तुमच्या पुस्तिकेतून जसंच्या तसं घेतलंय, बदलायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन निळी काढून बघितली. चूक आहे. पाच वर्षांच्या पाचही पुस्तिकांत आहे.

मग हिरव्या पुस्तिकेत २७ फेब्रुवारी काढला. ओहोटी १२.५०. जिथे वजाबाकी करायची तिथे मी बेरीज केली होती. हिला खडकावर बसवलं तेव्हा भरती सुरू होऊन तीन तास होत आले होते. किंचित फरक नव्हता तो. भीती तेव्हा वाटायला हवी होती, ती आज वाटली.

१५ मार्च
फोन केला. सांगितलं: बुधवार १८ मार्च, ओहोटी दुपारी ४.१०, हिरवी पुस्तिका, पान अकरा. तीनदा तपासलंय. ही म्हणाली, की मग बुधवारी तुम्ही एकटे जा. त्याच खडकावर बसा. पाणी कसं येतं ते बघा आणि मला कळवा. वेळ बरोबर निघाली, तर पुढचं बघू.

१८ मार्च
सकाळी ६.००. ताटलीत पाणी, चुरा. आठपर्यंत कोणी नाही.

दुपारी ३.४५ ला खडकावर बसलो. ४.१० ला पाणी सगळ्यात खाली. नवा बरोबर आहे. मग वळून टोकाकडे बघितलं. खडकावरून टोक स्वच्छ दिसतं. माझ्या डोळ्यांनाही. टायर इथून टायरच दिसतं. म्हणजे ही पाणी चढत असताना इथे बसून मला बघत होती, टायरपुढे वाकून उभा असलेला.

पाणी अजून लांब होतं तरी मला बसवेना. हिच्या नोंदीखाली लिहिलं: 'पाणी वाढतंय. ४.४०.' उठलो.

संध्याकाळी फोन केला. वेळ बरोबर निघाली, असं सांगितलं. टायर तिथूनच दिसतं, हेही सांगितलं. ही म्हणाली, की माहीत आहे. मग विचारलं, की ताटलीवर कोणी आलं का? चिमण्या आल्या होत्या असं तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, नाही, कोणी आलं नाही.

ही म्हणाली, की दहा दिवस कोरडी होती, यायला वेळ लागेल. तुम्ही पाणी घालत राहा.

गजर साडेपाचचा लावला.