ओळखीतलं एक नाव

४, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या काकू गेल्या. वॉचमनने सांगितलं, डॉक्टरांनी जिन्यातच दुजोरा दिला. दुपारी चारच्या सुमारास, खुर्चीत बसल्या बसल्या. आजार कसलाच नव्हता. शुक्रवारीच तर पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी कडाकडा भांडल्या होत्या!

टेबलावर काळं कापड अंथरलेलं होतं, त्यावर चिमूटभर धूळ — वॉचमन म्हणाला.

ते कापड मी पाहिलंय. शनिवारी. आमच्याच टेबलावर.

५, मंगळवार

लिहूनच काढतो. शनिवारी संध्याकाळी, मी कामावरून आल्यावर, एक व्हॅक्युम क्लीनरवाला आला. मी ‘नको’ म्हणेपर्यंत बूट काढून आत! गादीवरून यंत्र फिरवलं, निघालेली धूळ काळ्या कापडावर ओतली. ‘बघा साहेब, यावर झोपता तुम्ही.’ मग तासभर हलेना. आई आतून ओरडली, ‘अरे, पाहुण्यांचं अंथरूण घालू का?’ टोमणा त्याला लागलाच नाही.

विकत घ्या, असं मात्र एकदाही म्हणाला नाही. त्याला हवं होतं ओळखीतलं एक नाव. ‘नाव द्या, लगेच उठतो.’

मी काकूंचं दिलं. टाकीचं भांडण डोक्यात होतं, दुसरं काय.

‘घरी कधी असतात?’

‘चारला झोपून उठतात.’

त्याने टिपून घेतलं. उठला. गेला.

६, बुधवार

वॉचमनला खोदून विचारलं. तो शपथेवर सांगतो, सोमवारी कुणालाही वर सोडलं नाही. पण चारच्या आधी तो गच्चीवर टाकी बघायला चालला होता, तेव्हा काकूंचा आवाज ऐकला — ‘नाही म्हटलं ना! मी कुणाचं नाव देणार नाही. माझ्यामुळे दुसऱ्याला का ताप?’

समोरच्याचा आवाज नव्हता. फक्त काकूंचा.

७, गुरुवार

सुट्टी. दिवसभर घरी. बेल वाजली नाही.

८, शुक्रवार

छापखान्यात शिरलो तर आठवडाभराच्या रजेवरून आलेला फोरमन मला बघून दचकलाच. ‘तू... आहेस होय!’ मग दिवसभर नजर चुकवत होता. डब्याच्या वेळी गाठला. आधी उडवाउडवी, मग रडायलाच लागला. गेल्या महिन्यात त्याचा मेहुणा गेला. तोही खुर्चीत. समोर काळं कापड. मेहुण्याने नाव द्यायचं नाकारलं होतं. त्यानंतर तो माणूस फोरमनकडे आला.

‘मी तुझं दिलं रे. पहिलं तेच तोंडात आलं.’

मला राग यायला हवा होता. पण कुठल्या तोंडाने?

९, शनिवार

आईला बजावलं — मी नसताना दार उघडायचं नाही. कुणालाही! कारण सांगितलं नाही. ब्लडप्रेशर आहे तिला.

‘मी काय लहान आहे?’ म्हणाली.

११, सोमवार

काही नाही.

१२, मंगळवार

आजही काही नाही. प्रूफात तीन चुका राहिल्या. फोरमनने स्वतःच सुधारल्या.

१३, बुधवार

आईने दार उघडलं होतं. काल. आज जेवताना सहज सांगितलं.

‘अरे, तो परत आला होता. उठेचना! नाव द्या, नाव द्या. मग तुझंच दिलं. लोकांच्या मागे कशाला लावून द्यायचा? तू कामावर असतोस, तुला काय भेटणार तो, कपाळ!’

स्वतःच्या हुशारीवर खूश होती. भाजी वाढली. मी विचारलं, त्याने आणखी काही विचारलं का?

‘सुट्टी कधी असते, एवढंच.’

सुट्टी उद्या. तो येईलच. बाहेर निघून गेलो, तर तो आईसमोर बसून राहील. म्हणजे घरीच थांबायचं.

नाव द्यायचं नाही, असं ठरवलंय. फोन नंबरांची वही मात्र संध्याकाळपासून समोर उघडी आहे.