ठिपक्यांपुरता चहा

१० ऑक्टोबर १९८८
आजही तेच! कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पडद्यावर एकेक ठिपका उमटत बसला. मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव सुरू, ट्रॉलरवाले बर्फासाठी खोळंबलेले, आणि आमचे महाराज ठिपके काढतायत. बर्फाची बिलं वेळेवर निघाली नाहीत तर काम दुसरीकडे देईन, असं बर्फ कारखान्याचे रावजीशेठ सरळ बोलून गेले. ते काम गेलं तर आमच्या बिलं काढायच्या ऑफिसला टाळंच.

१२ ऑक्टोबर
हमीदने दुबईहून आणला तेव्हाही हा कॉम्प्युटर जुनाच होता. "जुना मशीन, वेळ लागायचाच," म्हणायचा. तोवर मी स्टोव्हवर चहा ठेवायची. ठिपके संपेपर्यंत आम्ही नवराबायको बाकावर बसून बशीतून चहा प्यायचो. एरवी मी कुठली बसतेय! नाटे गावातल्या त्याच्या लहानपणीच्या गोष्टी तेव्हाच ऐकल्या — होडी उलटली ती, शाळा बुडवून आंबे पाडले ते.
तो परत दुबईला गेला त्याला दोन वर्षं झाली. चहा आता उभ्याउभ्याच होतो.

१५ ऑक्टोबर
शेजारची मालन मुंबईला कॉम्प्युटर शिकून आलीय. तिला बोलावलं. सुरू झाल्यावर काय काय करायचं, ते म्हणे मशीनला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यातलं ठिपक्यांचं काम कशालाच लागत नाही, म्हणाली. भीती वाटली, पण पुसलं मीच. बटण दाबलं — लगेच तयार!
रावजीशेठ खूश. मला मात्र उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

१९ नोव्हेंबर
हमीद रजेवर आला!!

२१ नोव्हेंबर
मोठ्या तोऱ्यात त्याला ऑफिसात नेलं. मी स्टोव्ह पेटवेपर्यंत मशीन तयार. वाटलं, शाबासकी देईल. तो पडद्यावर ठिपके शोधायला लागला. मग म्हणाला,
"मशीन मंद नव्हता गो. ते ठिपके मीच घातलेले. नाहीतर तू घटकाभर तरी बसली असतीस माझ्याजवळ?"
रडूच आलं. रागही आला — दोन वर्षं बिचाऱ्या मशीनला शिव्या घातल्या मी!

२४ नोव्हेंबर
हमीदची रजा वाढत नाही. तो आहे तोवर ठिपके परत घातले — आधीच्या दुप्पट. रावजीशेठ कुरकुरले. सांगितलं, जुनं मशीन, वेळ लागायचाच.