लोखंडाचा आवाज

वाबासो, फ्लोरिडा
१९ नोव्हेंबर १९९१

प्रिय मॅरिबेथ,

प्रभूची शांती तुझ्या सोबत असो. तू जॉर्जियात आईकडे सुखरूप पोहोचल्याचे पत्रावरून कळले. आईंच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. माझी प्रकृती ठीक आहे. चर्चच्या मंडळीतल्या स्त्रिया पाळीपाळीने जेवणाचे डबे आणून ठेवतात, मी ते रिकामे करून परत करतो. चव विचारलीस तर सांगता येणार नाही.

उत्तर लांबले. मध्यंतरी ईशान्येचे वादळ येऊन गेले. वाळूची टेकडी उभी कापली गेली आणि पायऱ्यांखालचा किनारा माणूसभर खचला. असे झाले की इथली माणसे कामधंदा टाकून धातुशोधक यंत्रे घेऊन खाली उतरतात, हे तू पाहिलेलेच आहेस. स्पॅनिश जहाजांचा ताफा इथे फुटल्याला पावणेतीनशे वर्षे लोटली, तरी समुद्र त्यातली चांदी अजून थोडीथोडी परत करतो आहे. मीही जातो. कॉर्विनचे जुने यंत्र पडवीत होते, तेच घेतो.

तिथे ड्रुसिला पेटिग्रू असतात. शाळेची बस चालवत असत त्या. निवृत्त झाल्या तरी आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असाच आहे.

"काय पास्टर, आजही खिळेच? हार्डवेअरचं दुकान काढताय की चर्चवर नवं छप्पर घालताय?"

यंत्राला एक बटण असते. ते फिरवले की लोखंडाचा आवाज येईनासा होतो. फुटलेल्या जहाजांचे खिळे वाळूत असंख्य असल्यामुळे चांदी शोधणारा प्रत्येक जण ते फिरवतो. मी फिरवत नाही.

"अहो, फिरवा ना ते! देवानं कान दिले म्हणून काय सगळंच ऐकायचं?"

"असू द्या," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी पुन्हा तसाच घोगरा आवाज आला. मी खणले, तर मुठीएवढा गंजाचा गोळा निघाला. आत जहाजाचा जाड खिळा असावा. एका बाजूला कौलाच्या कपचीसारखे काहीतरी काळे चिकटले होते. मी तो पिशवीत टाकणार, एवढ्यात ड्रुसिलाबाई ओरडल्या, "थांबा! खरवडू नका, पास्टर!" त्यांनी बाटलीतले पाणी ओतून अंगठा हलकेच फिरवला. काळ्यावर क्रूस उमटला.

"आई गं! रिआल आहे हो, स्पॅनिश चांदीचं नाणं! आणि एक नाही, दोन चिकटलेत! सकाळपासून मी मेली इथूनच येतेय-जातेय, आणि माझं यंत्र मुकं!"

लोखंडाचा आवाज बंद केला की त्याला बिलगलेली चांदीही बोलत नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले. म्हणूनच बाकीचे सगळे त्यावरून चालून गेले होते. माणसे जमली. कोणी पाठ थोपटली. एकाने फोटो काढला.

"पास्टर, निदान हसा तरी," ड्रुसिलाबाई म्हणाल्या. "लोक याच्यापायी अख्खा जन्म घालवतात." आणि मग त्यांनी जीभ चावली.

माणसे पांगल्यावर त्या माझ्याजवळ वाळूत बसल्या. आवाज इतका खाली आणता येतो हे मला ठाऊक नव्हते.

"तुम्ही चांदी शोधतच नाही. होय ना?"

मी यंत्र बंद केले.

"कॉर्विनच्या अंगावर लोखंडाचं काय होतं?"

"सुरी," मी म्हणालो. "पाणबुडे पोटरीला बांधतात ती."

त्यांनी मान हलवली. मग उठून, मी सकाळपासून उघडे टाकलेले खड्डे एकेक करून पायाने बुजवले.

नाणी स्वयंपाकघरात गोड्या पाण्यात ठेवली आहेत. कोरडी पडली तर त्यांचे पापुद्रे सुटतात, असे कॉर्विन सांगत असे. तो क्रूस पाहून मला काहीतरी वाटावयास हवे होते. काही वाटले नाही.

पवित्र शास्त्रात एक राजा आहे. मूल आजारी असेपर्यंत तो उपाशी, जमिनीवर पडून होता. ते गेल्याचे कळताच उठला, अंग धुतले आणि जेवण मागितले. हा भाग मी आयुष्यभर श्रद्धेचा धडा म्हणून शिकवला. त्याच्या उठण्याआधी काय घडते, तिकडे माझे लक्ष गेले नव्हते. चाकर आपसांत कुजबुजत होते. सांगावयास भीत होते. मूल गेले काय, असे राजानेच विचारले. ते म्हणाले, गेले. ते उत्तर मिळाले नसते तर तो उठला नसता.

निघताना तू पडवीत मला विचारलेस, "पप्पा, मी विधवा आहे की नाही, एवढं तरी सांगा." मी तुला बसची वेळ सांगितली.

ऑगस्टमध्ये कॉर्विन त्याच चांदीसाठी बोटीवरून पाण्यात उतरला आणि वर आला नाही. स्मरणविधी मीच चालवावा, असे तू पत्रात पुन्हा लिहिले आहेस. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, मी तो चालवीन. विधीच्या शब्दांत एके ठिकाणी 'हा देह' असे येते. तिथे काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही. तिथे मी थांबेन. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना तूच सांग, मला ते जमणार नाही: पास्टर विसरले असे समजून घाईने सूर धरू नका.

होय, मॅरिबेथ. कॉर्विन गेला. तू विधवा आहेस.

तुझा सासरा, आणि त्या रविवारी तुझा पाळक,
अ‍ॅम्ब्रोझ व्हिटलो