तीन विषय, चार शहाणे

तीर्थस्वरूप ताईस,

ज्या घरात तुझ्यानंतर कुणीही वर्गात पहिलं आलं नाही, त्या घरातून धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (फार वाकवत नाही. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू गच्चीवर बाग केलीस, असं आईकडून कळलं. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. भावोजींना हल्ली ऐकू कमी येतं म्हणे, म्हणजे त्यांची प्रकृती उत्तम असणार. आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

आपली छोटी (जी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि माझ्याशी बोलताना खाली बघते, आदराने नव्हे) शालान्त परीक्षेच्या वर्गात जाणार. भाषा आणि गणित यांतून कुणाचीच सुटका नाही, पण बाकीचे तीन विषय ज्याचे त्याने निवडावेत, असा शाळेचा निरोप आला. आमच्या घरात तो ‘ज्याने त्याने निवडावेत’ असा वाचण्यात आला आणि त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सभा भरली.

पहिला मी बोललो. तुला माहीतच आहे, इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवूनही भिंगातून किरण नेमका कसा वळतो हे मला कळलेलं नाही. गिऱ्हाइकाला पाटी वाचता आली की मी पुढच्या माणसाला बोलावतो. घरात कुणाला तरी ते कळावं म्हणून मी पदार्थविज्ञान सुचवलं. आमच्या हिची आजवरची सगळी नोकरी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, लोकांच्या दंडात सुया खुपसण्यात गेली. तिथले डॉक्टर उठता बसता हिला झापतात. तेव्हा आपल्यालाही झापता येईल असा एक डॉक्टर घरचा असावा, या निर्मळ हेतूने हिने जीवशास्त्र काढलं. तेवढ्यात मेहुणा आला. (विमेवाला. माझ्या लग्नात तू त्याच्याशी दोन शब्द बोललीस आणि पॉलिसी घेऊन घरी गेलीस, तोच.) तो म्हणाला हिशेबशास्त्र, कारण माणूस बुडाला तरी किती बुडाला हे सांगायला कुणी लागतंच. आईने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की शेजारच्या मुलीने जे घेतलं असेल ते घ्यावं, फक्त मार्क तिच्यापेक्षा जास्त आणावेत.

“मला कुणी विचारणार आहे का?” छोटी म्हणाली.

“तुझ्याच भल्याचं चाललंय,” ही म्हणाली, “मध्ये मध्ये बोलू नकोस.”

आम्ही अडाणी नाही ताई. मुलांचा कल पाहावा लागतो हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तिला कल पाहणाऱ्या बाईंकडे नेलं. चपलांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांची खोली, खाली पायाचं माप घेतात आणि वर डोक्याचं. बाईंनी छोटीला विचारलं, तुला रिकाम्या वेळात काय आवडतं? आता ही मुलगी उत्तर द्यायच्या आधी छताकडे बघते. बाईंचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी सांगितलं, वाचन. मग विचारलं, चार लोकांत मिसळायला आवडतं की एकटं बसायला? हिने सांगितलं, मिसळायला. मी म्हटलं, छे, एकटं. यावर आमचं थोडं झालं. मग त्यांनी विचारलं, घड्याळ बंद पडलं तर उघडून बघावंसं वाटतं का? मी म्हटलं, मुळीच नाही, मी दुरुस्तीलाच टाकतो. शेवटी बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुमचा कल मला नीट कळला. तुम्ही नाटकात जा.” छोटी त्या दिवशी हसली. तिचं हसू मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं, म्हणून बाईंना उलट बोललो नाही.

मग शाळेत ‘विषयपरिचयाची संध्याकाळ’ झाली. तुझ्या वेळी असली थेरं नव्हती. मोठ्या हॉलमध्ये एकेका विषयाचं टेबल मांडलेलं आणि प्रत्येक टेबलामागे एकेक शिक्षक, बाजारात भाजी घेऊन बसल्यासारखा. रसायनशास्त्रवाल्यांनी निळा धूर काढून सगळ्यांना खोकायला लावलं. पदार्थविज्ञानासमोर ही एवढी रांग, आणि रांगेत सगळे बाप. जीवशास्त्रासमोर सगळ्या आया. इतिहासाचे सर एकटेच बसले होते. त्यांच्यापाशी जो येई तो स्वच्छतागृह कुठे आहे एवढंच विचारी, आणि ते बिचारे आधी इमारत कधी बांधली ते सांगून मग दिशा दाखवत. मुलं मात्र मागच्या बाकांवर बसलेली, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघावी तशी.

मी पदार्थविज्ञानाच्या सरांना छोटीसाठी एक जागा राखून ठेवायला सांगून विजयी मुद्रेने बाहेर व्हरांड्यात आलो, तर ही जीवशास्त्राच्या बाईंना शब्द देऊन आलेली. तोवर मेहुणाही आतून आला. (त्याला कुणी बोलावलं होतं, हे अजून कळलेलं नाही.) त्याने हिशेबाच्या सरांना शब्द तर दिलाच होता, वर त्यांचा विमाही ठरवला होता. मी म्हटलं, मुलगी माझी आहे. ही म्हणाली, मग तिच्या अंगात ताप असताना कुठे असता? मेहुणा म्हणाला, भांडू नका, तीन विषय आहेत, तिघांचे तीन होतात. ताई, आयुष्यात प्रथमच तो उपयोगी बोलला आणि आम्ही दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडलो. आमचे आवाज इतके चढले की आतली रांग मोडून लोक दारात जमले आणि मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या.

“मुलगी कुठे आहे?” त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की ती बाकावर नाही.

ती हॉलमध्ये टेबलाटेबलाने फिरत होती. प्रत्येक शिक्षकाला तिचा एकच प्रश्न होता, तुमच्या स्वतःच्या मुलाने कोणता विषय घेतलाय? पदार्थविज्ञानाच्या सरांच्या मुलाने हिशेब घेतला होता. हिशेबाच्या सरांच्या मुलीने जीवशास्त्र घेतलं होतं. जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, आमचा ऐकेल तर शपथ. मुख्याध्यापिका बाईंनी तिला सगळ्यांच्या देखत विचारलं, “बरं, मग तुला काय घ्यायचंय?”

“संख्याशास्त्र, सुतारकाम आणि फ्रेंच,” छोटी म्हणाली. छताकडे न बघता.

“यांची आवड आहे?”

“अजून माहीत नाही. पण आमच्या घरात हे तिन्ही कुणालाच येत नाहीत. मग कुणी शिकवायला येणार नाही.”

दारात जमलेले लोक हसले. त्यांची मुलं मात्र अजिबात हसली नाहीत, उलट दोन-तीन जण उठून सुतारकामाच्या टेबलाकडे गेले. घरी येताना आम्ही चौघे एकाच रिक्षात होतो. मेहुण्याने रिक्षावाल्याला विम्याचं विचारलंसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

आता माझी बाजू ऐक. संख्याशास्त्र ठीक आहे, फ्रेंच परवडलं. पण सुतारकाम? चष्मेवाल्याच्या मुलीने रंधा मारायचा? म्हणून मी कुणाला न सांगता दुकान लवकर बंद करून शाळेच्या मागच्या शेडमध्ये गेलो. सुतारकामाच्या बाईंना सांगणार होतो, की तिचा हात दुखतो असं काही कारण काढून परत पाठवा. (हो, बाई आहेत. दंड माझ्या मांडीएवढे.) बाई म्हणाल्या, एवढी फळी धरा, मग बोलू. मी फळी धरली. मग म्हणाल्या, दुसरीकडून रंधा मारून बघा. ताई, काय सांगू तुला! तो लाकडाचा पातळ छिलका असा गोल गोल वळत निघतो आणि खालून गुळगुळीत फळी येते, आणि तासभर कुणी तुला विचारत नाही की हे दूरचं आहे का जवळचं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. मग रोजच जायला लागलो. पाठ धरली, तळहाताला फोड आले, पण एक स्टूल केलं. तीन पाय सारखे आहेत. चौथ्याचं चालू आहे.

आणि परवा मान वर केली तर खिडकीत छोटी उभी.

मला वाटलं खूश होईल. मी स्टूल उचलून दाखवलंसुद्धा. ती स्टुलाकडे बघून म्हणाली, “बाबा, हेही घेतलंत?” आणि निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन ताट खोलीत नेलं, दार लावलं. घरात पाऊल ठेवल्यापासून जिला कुणी अडवू शकलं नाही ती आपली आईसुद्धा त्या दारावर टकटक करून परत आली. तेव्हापासून छोटी सगळ्याला ‘हो’ म्हणते. पदार्थविज्ञान? हो. जीवशास्त्र? हो. हिशेब? हो. हिला वाटतं पोरगी ताळ्यावर आली. मला रात्रीचं जेवण जात नाही.

बाकी विशेष नाही. भावोजींना मोठ्या आवाजात नमस्कार सांग.

तुझा आज्ञेत न राहिलेला,
धाकटा

ता. क. : मी शाळेत जाऊन संख्याशास्त्र, सुतारकाम आणि फ्रेंच हेच विषय कायम करून आलो. हिच्याशी दोन दिवस अबोला आहे. शेडमध्ये जाणं मी सोडलं. (जवळजवळ.)

ता. क. : आजच कळलं, की हिने संख्याशास्त्राचं पुस्तक आणून पहिला धडा पाठ केला आहे आणि मेहुणा आरशासमोर फ्रेंच बोलतो. आईने शेजारच्या मुलीलाही सुतारकाम घ्यायला लावलं, चढाओढ असावी म्हणून.

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण असं, की छोटीला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवून घेशील का? तुमच्या तिकडच्या शाळेत हे तिन्ही विषय आहेत, मी चौकशी केली. ती यायला तयार आहे, पण तिने आधी एक विचारायला सांगितलं आहे. तिचेच शब्द लिहितो : “आत्याला काय काय येत नाही?” खरं खरं कळव. आणि थोडं वाढवूनच कळव.